जुन्या लोककलेच्या वस्तू घरी जमवताना: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूर भागातल्या जुन्या घरांमधली लोककला भिंतीवर टांगलेली नसायची, ती रोजच्या हाताखाली असायची. देवघरातले टाक (देवाची प्रतिमा उठावलेले धातूचे छोटे पत्रे), समई, लामणदिवा, पानाचा डबा, अडकित्ता, चुनाळं, हळद-कुंकवाची कोयरी, गौरीचे मुखवटे, तुणतुणं, चौंडकं, हातानं शिवलेली वाकळ म्हणजे गोधडी. वाडा पाडताना किंवा कुटुंब फ्लॅटमध्ये जाताना या वस्तू बाहेर पडतात आणि त्यातल्या बऱ्याचशा सरळ मोडीत जातात. दुकानात त्यांचं वजन होतं, बदल्यात नवीन भांडं मिळतं आणि जुनी समई भट्टीकडे निघते. त्यामुळे इथे संग्रह सुरू करायला मोठं भांडवल लागत नाही. वस्तू ओळखता येणं आणि मोडीच्या तराजूआधी तिच्यापर्यंत पोचणं, एवढं जमलं पाहिजे.

सुरुवातीला फक्त बघा

पहिले दोन-तीन महिने काही विकत घेऊ नका. टाऊन हॉलचं संग्रहालय आणि न्यू पॅलेसमधलं छत्रपती शहाजी संग्रहालय शहरातच आहे. कणेरीच्या सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदार आपापल्या अवजारांसह दाखवले आहेत. तिथल्या मूर्ती नव्या असल्या तरी कोणतं अवजार कोण कशासाठी वापरायचं, हे तिथे नीट कळतं. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते यांच्यासाठी अख्खा दिवस ठेवा. बघताना वस्तूच्या सुंदर भागापेक्षा तिच्या झिजलेल्या भागाकडे लक्ष द्या. हात कुठे लागायचा, तेल कुठे साचायचं, कडी कुठे घासली आहे, हे डोळ्यांत बसलं की बनावट वस्तू समोर आल्यावर खटकते.

मग एक धागा निवडा. फक्त दिवे, फक्त पानाचं साहित्य, फक्त टाक किंवा फक्त वाकळी. एकाच प्रकारच्या वीस वस्तू हाताळल्या की जे कळतं, ते वीस प्रकारची एकेक वस्तू घेऊन कधीच कळत नाही. आमच्या मते नवख्या माणसानं अडकित्त्यापासून सुरुवात करावी. तो लहान असतो, परवडतो, आणि पितळ, लोखंड, जोड, झीज असं सगळंच त्यात शिकायला मिळतं.

कुठे आणि कधी शोधायचं

महाद्वार रोडच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत जुनी भांडी मोडीत घेतली जातात. धनत्रयोदशी, गुढीपाडवा आणि लग्नसराई यांच्या आगेमागे नवीन भांड्यांची खरेदी वाढते, म्हणून मोडही तेव्हाच जास्त येते. दुकानदाराला आधीच सांगून ठेवा: “मोडीत नक्षीची, देवाची किंवा पानाची जुनी वस्तू आली तर बाजूला ठेवा, मोडीच्या भावापेक्षा जास्त देतो.” दिवाळीच्या ऐन गर्दीत हे बोलायला जाऊ नका. आठ-दहा दिवस आधी, दुपारच्या निवांत वेळी जा. चांदीचे टाक गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मोडीत येतात, तिथेही हीच पद्धत चालते. लाकडी सामान मात्र वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराकडे आणि जुन्या लाकडाच्या वखारीत बघावं.

खेड्यात कुणाच्या घरी वस्तू दिसली तर आधी ती पूजेत आहे का, हे विचारा. पूजेतला टाक, जोगत्याच्या (देवीला वाहिलेल्या भक्ताच्या) डोक्यावरचा यल्लम्माचा जग, म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली परडी, गावाच्या देवळातला मुखवटा यांचा भाव विचारणंसुद्धा त्या घराला आणि गावाला लागतं. घरातल्या कर्त्या माणसाचा होकार असला तरी देव्हारा सांभाळणाऱ्या आजींचा होकार मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका. असे व्यवहार पुढे मोडतात, आणि वस्तू परत मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची रंगवलेली चित्रं) आणि गंजिफा (हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) हव्या असतील तर घाट उतरून सिंधुदुर्गात जा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवल्या जातात. या दोन्ही ठिकाणी कलाकाराकडून नवीन काम घ्यावं, हे आमचं आग्रहाचं सांगणं आहे. जुन्या चित्रकथीच्या पोथीतून एकेक पान सुटं करून विकलं जातं तेव्हा अख्खी कथा फुटते. सुटं जुनं पान घेणारा त्या तोडफोडीला पैसे पुरवतो. जुना गंजिफा संच मिळालाच तर पानं मोजा. दशावतारी संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पानं असतात, आणि आठ रंगांच्या मुघल संचात ९६. पानं कमी असली तर किंमत त्या मानानं उतरली पाहिजे.

पिशवीत काय असावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोहचुंबक, छोटा टॉर्च, मोजपट्टी, ५ किलोपर्यंतचा डिजिटल वजनकाटा, सुती बोळे, नेलपॉलिश रिमूव्हरची छोटी बाटली, दोरा, आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा. एवढ्यावर बहुतेक फसवणूक पकडता येते.

धातूची वस्तू कशी तपासायची

पहिल्यांदा चुंबक लावा. पितळ, तांबं, कासं, चांदी यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा. अडकित्त्याचं पातं आणि समईच्या आतली एखादी सळई याला अपवाद.

भरीव लहान वस्तूची घनता घरीच काढता येते. वस्तूचं कोरडं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही अशी पाण्यात धरा. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतात, तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. वजनाला त्या आकड्यानं भागा. ८५० ग्रॅमची मूर्ती पाण्यात धरल्यावर काटा १०० दाखवत असेल तर उत्तर ८.५ येतं. पितळ साधारण ८.४ ते ८.७ मध्ये बसतं, तांबं ८.९ च्या आसपास, जस्त ७.१, ॲल्युमिनियम २.७. उत्तर ७ च्या आसपास आलं तर पितळेच्या नावाखाली जस्ताचं ओतकाम विकलं जात असण्याची शक्यता मोठी. हवेचे बुडबुडे चिकटले, वस्तू आतून पोकळ असली किंवा आत लाख भरलेली असली तर हिशेब चुकतो. त्यामुळे लाख भरलेल्या टाकावर हा प्रयोग करूच नका. पाणी आत शिरलं की पुढे महिनोन्महिने कडेनं डाग फुटत राहतात.

यानंतर काम कसं केलं आहे ते बघा. हातानं घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा एकसारख्या नसतात, आणि टॉर्च तिरका धरला की आतूनही दिसतात. जुन्या तांब्याच्या हंड्याच्या तळाशी किंवा पोटावर दातेरी जोड असतो, म्हणजे पत्र्याचे दात एकमेकांत अडकवून वर डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) दिलेला असतो. आतून गोल-गोल समांतर रेषा दिसल्या तर भांडं यंत्रावर ओढलेलं आहे. ते वाईट नसतं, पण “दीडशे वर्षांचं” म्हणून विकलं जात असेल तर सोडून द्या.

खोटं जुनेपण ओळखण्याची खूण म्हणजे सगळीकडे सारखा असलेला काळपटपणा. खरी वस्तू उंचवट्यांवर उजळलेली आणि खाचांत काळी असते, कारण हात आणि फडकं उंचवट्यांवरच फिरतं. बोळ्यावर रिमूव्हर घेऊन तळाशी, न दिसणाऱ्या जागी घासा. तपकिरी किंवा हिरवा रंग बोळ्यावर उतरला तर तो लावलेला आहे. रंगवलेल्या लाकडावर किंवा चित्रावर रिमूव्हर कधीही लावू नका, खरा रंगसुद्धा विरघळेल.

समईची परीक्षा वेगळी. बैठक, दांडी, तेलाची थाळी आणि वरचा मोर किंवा हंस हे भाग आट्यांनी जोडलेले असतात. दुकानदारासमोर सगळे भाग सोडवा. हातानं कापलेले आटे फक्त आपल्याच जोडीला नीट बसतात, आणि कारागीर कधीकधी दोन्ही भागांवर जुळणारी छोटी खूण करून ठेवत असे. एक भाग लालसर आणि दुसरा पिवळाजर्द असेल, किंवा आटे सैल असून मध्ये दोरा गुंडाळलेला असेल, तर दोन-तीन समयांचे तुकडे जोडून ती उभी केली आहे. अशी समई वापरायला घ्या, संग्रहासाठी पैसे मोजू नका. लामणदिव्याला साखळीवरून पारखा. मूळ साखळी हरवून बाजारातली लावलेली असेल तर कड्यांची झीज दिव्याच्या कडीशी जुळत नाही.

अडकित्त्याचं पातं हा त्याचा दाखला. वर्षानुवर्षं धार लावल्यानं जुनं पातं मधल्या भागात झिजून आत वळलेलं असतं, आणि रिवेटभोवती मुठींचा थोडा खेळ असतो. शोभेसाठी ओतलेल्या नव्या अडकित्त्याला धारच नसते, सुपारी कापायला घेतली तर ती निसटते. पृष्ठभागावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात आणि घोड्याचे किंवा राघूचे डोळे ओघळल्यासारखे वाटतात.

टाकांमध्ये घोड्यावरचा जोतिबा, म्हाळसेसह खंडोबा, महिषासुरमर्दिनी, वीर असे विषय या भागात येतात. जुन्या टाकाचा पत्रा हातानं उठावलेला असतो आणि मागे बहुधा तांब्याचा पत्रा कडेनं दुमडून बसवलेला असतो. रोजच्या गंध-पाण्यानं आणि पुसण्यानं देवाचं नाक, गाल, घोड्याचं तोंड गुळगुळीत झालेलं असतं, पण खाली पायांपाशी खाचा अजून तीक्ष्ण असतात. चेहरा आणि पाय दोन्ही सारखेच झिजलेले असतील तर यंत्रानं घासलेलं आहे. पाच टाक शेजारी ठेवून रेषा न् रेषा जुळत असतील तर ते ठशातून काढलेले आहेत.

लाकूड, चित्रं, वाकळ

लाकडात खिळे आणि स्क्रू बघा. हातानं घडवलेला खिळा चौकोनी आणि डोक्याला वेडावाकडा असतो. डोक्यावर अधिकच्या खुणेसारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. तो दिसला तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. लाकडाची न दिसणारी मागची बाजू समोरच्याइतकीच पॉलिश केलेली असेल तर सावध व्हा.

छापील देवदेवतांच्या चित्रांत सर्वाधिक फसवणूक राजा रवि वर्मा यांच्या छापखान्याच्या नावानं होते. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. भिंगातून बघा: जुन्या शिळाछापात वेगवेगळ्या आकारांचे अनियमित ठिपके दिसतात, तर आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके ठरावीक अंतरावर, फुलासारख्या गोल रचनेत बसलेले असतात. मग अंधारात जांभळा दिवा मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० नंतर आलं. काचेच्या मागून रंगवलेलं चित्र मिळालं तर ते उभंच ठेवून आणा आणि मागची रंगाची बाजू पुसू नका. रंगाच्या खपल्या एका फडक्यात निघून येतात.

वाकळीची उलटी बाजू आधी बघायची. धावदोऱ्याची ओळ हातानं घातलेली असेल तर टाके लहान-मोठे असतात आणि ओळ मध्येच वळते. आतले थर कोणत्या लुगड्याचे, धोतराचे आहेत ते फाटक्या कडेतून दिसतं. ती माहिती टिपून ठेवा आणि कड शिवून टाकू नका.

कायदा

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. साहित्यिक, ऐतिहासिक किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. दगड, धातू, लाकूड यांच्या जुन्या मूर्ती, चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे छायाचित्रांसह नोंद करावी लागते, आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला देताना कळवावं लागतं. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. पुरावस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. मुलीच्या परदेशातल्या घरासाठी आजेसासूबाईंची शंभर वर्षांची समई पाठवायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा.

वीरगळ, सतीशिळा, देवळाचे कोरीव दगड यांना हात लावू नका, ते कुणीही विकायला आणले तरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या वेशींवर आणि देवळांपुढे ते उभे आहेत, आणि त्यांची जागा तीच. पाया खणताना जमिनीतून काही निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हस्तिदंत, सांबरशिंग, कासवाच्या पाठीचं काम असलेल्या वस्तू वन्यजीव कायद्याखाली येतात. फणी कितीही सुंदर असली तरी विकत घेऊ नका.

किंमत आणि नोंद

धातूच्या साध्या वस्तूसाठी त्या दिवसाचा मोडीचा भाव हा तळ धरा. नक्षी नसलेला हंडा-कळशी मोडीच्या दीडपटीपर्यंत ठीक. नक्षी, अखंडपणा आणि नावाची खोदाई असेल तर वजनाचा हिशेब सोडा आणि कामाला किंमत द्या. भांड्यावर कोरलेलं नाव, गाव, साल घासून काढून “स्वच्छ” केलेली वस्तू निम्म्या मोलाची. ती खोदाई म्हणजे भांड्याचा जन्मदाखला असतो.

प्रत्येक खरेदीची पावती घ्या: तारीख, वस्तूचं वर्णन, वजन, माप, विकणाऱ्याचं नाव आणि सही. घरी एक वही ठेवा. त्यात क्रमांक, छायाचित्र, वस्तूचं स्थानिक नाव, कोणत्या गावाची, कुठल्या घराण्यातली, कोण कशासाठी वापरायचं, कधी बाहेर काढायचं, काय मोडलेलं आहे, हे लिहा. विकणाऱ्याला प्रश्न त्याच दिवशी विचारा. सहा महिन्यांनी कुणाला काही आठवत नाही. क्रमांक वस्तूवर खोदू नका, सुती फितीला लिहून बांधा.

घरी आणल्यावर

लाकूड, कापड, कागद आणि चामड्याच्या वस्तू लगेच बाकीच्यांत मिसळू नका. महिनाभर बंद प्लास्टिक पिशवीत, खाली काळा कागद घालून ठेवा. काळ्या कागदावर पिठासारखा भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे. लहान, न रंगवलेली लाकडी वस्तू किंवा कसर लागलेली वाकळ दुहेरी पिशवीत हवा दाबून बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याखालच्या डीप फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी आणखी एक दिवस उघडू नका. नाहीतर बाष्प थेट कापडावर धरतं आणि बुरशी येते. रोगण दिलेली, रंगवलेली किंवा चामडं ताणलेली वस्तू फ्रीझरमध्ये घालू नका, तडे जातात.

पितळ-तांबं घासताना जेवढं नुकसान होतं, तेवढं वापरात कधीच होत नाही. चिंच किंवा लिंबात बुडवून ठेवलेल्या पितळेतलं जस्त विरघळतं आणि वर गुलाबी-लालसर डाग राहतात, ते परत जात नाहीत. लिंबाला मीठ लावून घासणं त्याहून वाईट. मिठातलं क्लोराइड खाचांत राहतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तिथून फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी फुटू लागते. ही भुकटी पसरत जाते आणि धातू खात राहते. घट्ट, गडद हिरवा किंवा तपकिरी थर मात्र निरुपद्रवी असतो, तो काढू नका.

योग्य क्रम असा. मऊ ब्रशनं धूळ झाडा. रिठ्याच्या कोमट पाण्यात सुती फडकं बुडवून तेलकट थर पुसा. खाचांतली मळी बांबूच्या टोकदार काडीनं काढा, सुई किंवा तारेनं नको. दोनदा साध्या आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, लगेच पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. वर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि फडक्यानं चोळा. हिरवी भुकटी दिसली तर ती कोरडीच काडीनं काढून वस्तू सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. महिन्याभरात पुन्हा फुटली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रासारख्या जाणत्या ठिकाणी विचारा. चांदीच्या टाकाला बाजारातली बुडवायची पॉलिशं लावू नका, उठावातली काळी सावली गेली की देवाचा चेहरा सपाट दिसतो.

जुन्या भांड्यात स्वयंपाक करायचा मोह होतो. जुन्या डाखात शिसं असू शकतं, त्यामुळे ज्याचा जोड माहीत नाही त्या भांड्यात अन्न शिजवू नका, कल्हई केली तरीही.

मांडणी आणि पावसाळा

पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नका. इतर भिंतीवरही चौकटीच्या चारही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून निदान २ सेंटिमीटर फट सोडा. चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये आम्लमुक्त माउंट हवं. सेलोटेप आणि लॅमिनेशन कागदाचा कायमचा नाश करतात. फाटलेली जागा जोडायचीच असेल तर मैद्याची पातळ खळ आणि पातळ हातकागद वापरा, तेही मागून. वाकळ खिळ्यांनी टांगू नका. वरच्या कडेला पूर्ण रुंदीची सुती नळी शिवून त्यातून दांडी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं येतं, आणि तीन-चार महिन्यांनी उतरवून ठेवा. ठेवताना घडी न घालता जुन्या धुतलेल्या धोतरावर गुंडाळा.

दीड-दोनशे रुपयांपासून मिळणारं आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांत असावा. जून ते सप्टेंबर तो ७० च्या वर गेला की कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदललेले दाणे कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. पोथ्यांच्या बस्त्यात वेखंडाचे तुकडे ठेवायची जुनी रीत चांगली आहे, फक्त तुकडे कागदाला थेट न टेकता पुरचुंडीत बांधा. तुणतुण्याची तार पावसाळ्यात सैल करा. डफ-चौंडक्याचं चामडं उन्हात तापवून ताणू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या. दसऱ्याआधी सगळ्या वस्तू एकदा खाली उतरवा, वहीतल्या जुन्या छायाचित्राशी ताडून बघा, आणि काही बदल दिसला तर तारखेसह त्याच पानावर लिहा.